सात नंबरचा खांब

गुरुवारी सकाळी नदीच्या धक्क्यावर एक म्हातारी बोलत होती आणि काही केल्या थांबत नव्हती. मी बाकावर टेकून उजव्या बुटातला खडा काढत होते. बाई कुठे दिसेना. समोर, जुन्या पायऱ्या पाण्यात उतरतात तिथे, एक मुलगा आणि एक मुलगी हिरव्या लोखंडी खांबाला जवळजवळ कान लावून उभी होती आणि हसत होती. माझ्या मनात आलं, काय ही बाई, निदान श्वास घ्यायला तरी थांबावं. आवाज घोगरा, थोडा नाकातून, आणि दर दोन वाक्यांनी 'बरं का'. आमच्या सासूबाई अशाच बोलायच्या. त्यांच्या बोलण्यात शिरायला फट सापडायची नाही, म्हणून लग्नानंतरची पहिली दोन वर्षं मी नुसते हुंकार दिले. अशी बडबडी माणसं मला मुळीच सोसत नाहीत. मग ती म्हणाली, "आमचे हे तेव्हा पांघरुणातच होते बरं का," आणि माझ्या हातातला बूट खाली पडला. ते 'हे' माझे होते.

एक पाय बुटात आणि एक मोज्यात अशी मी खांबापाशी गेले.

"हे बंद कुठे होतं?" मी मुलाला विचारलं.

"आपोआप होतं आजी, चारच मिनिटांचं आहे. तुम्ही पण ऐका ना, भारी आहे," म्हणून त्याने मला पुढे जागा करून दिली. "ती बेडपॅनवाली गोष्ट आहे."

"माहीत आहे मला."

"आधी ऐकलीय?"

"बऱ्याचदा," मी म्हटलं.

मुलगी पोट धरून हसत होती. मी खांबाच्या जाळीकडे बघत उभी राहिले. आपला आवाज आपल्याला बाहेरून ऐकू येतो तेव्हा तो दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो, हे सगळेच सांगतात; पण त्या दुसऱ्या कुणाला आपली सगळी भानगड ठाऊक असते, हे कुणी सांगत नाही. जे अठ्ठावन्न वर्षांत मी कुणापाशी बोलले नव्हते, नवऱ्यापाशीसुद्धा नाही, कारण त्याला ते ठाऊकच होतं, ते सगळं ती बाई सकाळच्या उन्हात, येणाऱ्याजाणाऱ्याला, एका बटणावर सांगून मोकळी झाली. शेवटी म्हणाली, "तर अशी सगळी गंमत." मग बासरीचा एक तुकडा वाजला आणि खांब गप्प झाला.

चूक माझीच. मागच्या हिवाळ्यात नगरपालिकेतून एक बाई घरी आली होती. गळ्यात हे एवढे मोठे हेडफोन, म्हणून मी तिला मनात हेडफोनबाईच म्हणत असे. धक्क्यावर राहिलेल्या माणसांच्या आठवणी गोळा करतोय, म्हणाली. धक्क्यावर राहिलेली माणसं आता शोधायची तरी कुठे? मी आणि आमच्या वन्सं, म्हणजे माझी नणंद, एवढ्या दोघीच उरलो आहोत आणि वन्सं त्या महिन्यात डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी पडून होत्या. म्हणून सगळा भार माझ्यावर आला. हेडफोनबाई तीन तास बसली. तिचा दोष एवढाच की ती मान डोलवायची. मुलगा फोनवर 'हं आई, पटकन बोल' म्हणतो, सून 'हो का' म्हणते आणि भाजी चिरत राहते, नातवंडांना धक्का म्हटलं की कोणीतरी कोणाला तरी दिलेला आठवतो. ही मान डोलवत होती, वहीत काहीतरी टिपत होती, मधूनच 'अगं बाई' म्हणत होती. समोरच्याने मान डोलावली की मला आवरत नाही. मग तिने एक कागद पुढे केला, मी सही केली. मला वाटलं, ऑफिसात कुठेतरी कपाटात ठेवतील. माणूस कपाटाला जे सांगतो ते खांबाला सांगत नाही.

काय काय सांगितलं मी तिला! आता जिथे कॉफीचं दुकान आहे आणि तरुण मुलं संगणक उघडून एकेकटी बसतात, तिथे वजनाचं ऑफिस होतं आणि त्याच्यावरच्या दोन खोल्यांत आम्ही राहत होतो, हे सांगितलं. खालून डांबराचा, ओल्या दोरांचा आणि धान्याच्या धुळीचा वास येई. लग्न होऊन आले तेव्हा पहिला आठवडाभर मी शिंकत होते आणि सासूबाईंचा समज झाला की मुलीकडच्यांनी आजार लपवला. क्रेन सुरू झाली की कपाटातले पेले किणकिणत. सकाळी पडाव लागत, म्हणजे ती रुंद, बसक्या पोटाची मालाची गलबतं. त्यांच्यावरची माणसं एकमेकांशी नेहमी ओरडूनच बोलत, अगदी हातभर अंतरावर असली तरी. त्यातला एक आमच्याकडे जेवायला यायचा, तो 'मीठ द्या' असं म्हणायचा की शेजारची मुलं रडत उठायची. मग पूल झाले, ट्रक आले, पडाव कमी होत गेले. एक दिवस क्रेन थांबली ती थांबलीच. पुढची वीस वर्षं धक्क्यावर फक्त उंदीर आणि प्रेमी जोडपी यायची, आणि दोघांचाही नगरपालिका बंदोबस्त करू शकली नाही. आता सुशोभीकरण झालं आहे. ज्या खुंटांना दोर बांधत त्यांना तांबडा रंग दिलाय आणि त्यांच्यावर बसू नये म्हणून पाट्या लावल्यात.

आमचे हे पाणीमास्तर होते. हा हुद्दा आता कुणाला ठाऊक नाही. पायऱ्यांशेजारच्या दगडी भिंतीवर आकडे रंगवलेले असत, पाणी कुठवर चढलंय ते दाखवणारे. रोज पहाटे साडेपाचला खाली उतरायचं, कंदील धरून आकडा वाचायचा आणि पुलाकडे तोंड करून लावलेल्या मोठ्या काळ्या पाटीवर तो खडूने लिहायचा. बस. पडाव हाकणारे कप्तान लांबून ती पाटी बघत आणि ठरवत, मधल्या कमानीखालून आपला माल जातो की नाही. अख्ख्या धक्क्याची भिस्त त्या एका आकड्यावर. आमच्या घरात तर सगळंच त्या आकड्यांत चाले. सासूबाई चिडल्या की सासरे हळूच म्हणत, "आज बारावर गेलंय, कमानीखालून जाऊ नका." आणि आम्ही सगळे सासूबाईंना वळसा घालून जात असू.

ती सकाळ डिसेंबरातली. लग्नाला सहा महिने झाले होते. आदल्या दिवशी पाटीवर नऊ होतं. रात्रीतून वर कुठेतरी धरणाचं पाणी सोडलं आणि पाणी अकरावर आलं. पण ते कळायला खाली उतरायला हवं होतं, आणि हे उतरले नाहीत. पहिलाच पडाव वन्संच्या यजमानांचा होता. त्यांना सगळे कप्तानच म्हणत. त्यांनी लांबून पाटीवरचा नऊ वाचला, माल उंच रचला होता तरी बिनधास्त मधल्या कमानीत घातला आणि पडाव कमानीत असा अडकला, जसं लहान मुलाचं डोकं कठड्यात अडकतं. माल होता मोठ्या इस्पितळाचा, एनॅमलचे पांढरे बेडपॅन, खोकीच्या खोकी. खोकी फुटली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण शेकडो बेडपॅन नदीत पडले आणि, कोण जाणे कसे, बुडाले नाहीत. पांढऱ्या पक्ष्यांच्या थव्यासारखे रांगेने शहरातून वाहत गेले. दोन्ही काठांवरून लोकांनी गळ टाकून, काठ्यांनी, साड्यांचे पदर सोडून ते ओढून घेतले. पुष्कळांना ते काय आहे हे ठाऊक नव्हतं. पुढची कित्येक वर्षं ह्या शहरात कुणाकडे गेलं की त्यात पीठ मळलेलं असायचं, तुळस लावलेली असायची. शाळेच्या मुख्याध्यापकांनी तर त्यात पाहुण्यांपुढे फळं ठेवली होती. आम्ही दोन दोन खाल्ली.

इथपर्यंत मुलगा आणि मुलगी हसतात. मग खांबातली बाई पुढे जाते. आवाज ऐकून हे पांघरुणातून उठले, पायजम्यावरच धावले, भिंतीवरचा आकडा पाहिला आणि बाहीने पाटी पुसून तिच्यावर अकरा लिहिलं. साहेब आले तेव्हा पाटीवर अकरा होतं. कप्तान शपथेवर सांगत होते, "साहेब, नऊ होता." साहेबांनी पाटीकडे पाहिलं, कप्तानांकडे पाहिलं आणि म्हणाले, "ह्यांचे डोळे तपासून घ्या."

नऊ आणि अकरा! एक गोल आणि दोन काठ्या. पण एकदा साहेब म्हणाले म्हटल्यावर डॉक्टरांना नंबर सापडला. कप्तानांना पडावावरून उतरवून पलीकडे जाणाऱ्या होडीच्या तिकीटखिडकीत बसवलं आणि नाकावर चष्मा चढवला. त्यांची नजर घारीसारखी होती हो. पलीकडच्या काठावरच्या बाईच्या हातात कोणती पिशवी आहे ते सांगायचे. तो चष्मा त्यांनी बावन्न वर्षं वापरला, कारण वन्सं त्यांना काढू देत नसत. त्याच्यावरून, त्याच्याखालून, बाजूने बघत बिचाऱ्यांनी संसार केला. दारांच्या चौकटींना धडकायचे. वन्सं म्हणायच्या, "बघा, चष्मा असून ही गत; नसता तर काय झालं असतं!" आणि पुढे कधी भांडण झालं की हुकमाचं वाक्य ठरलेलं, "एवढा मोठा आकडा दिसला नाही तुम्हाला!" लग्नात कप्तानांनी त्यांना वचन दिलं होतं की एकदा पडावावर बसवून नदीच्या मुखापर्यंत नेईन, समुद्र दाखवीन. ते राहिलं ते राहिलंच. तिकीटखिडकी समुद्राला जात नाही.

आमच्या ह्यांनी त्याबद्दल तोंडातून एक अक्षर काढलं नाही. फक्त त्यानंतर निवृत्त होईपर्यंत रोज दोनदा पाणी वाचलं. एकदा साडेपाचला आणि एकदा पाच मिनिटांनी परत जाऊन. आणि दर शनिवारी संध्याकाळी कप्तानांशी पत्ते खेळायला बसत ते हरत. चांगले खेळणारे होते, पण चाळीस वर्षं हरले. एकदा चुकून जिंकले तर रात्री जेवले नाहीत.

एवढं सगळं मी खांबाला सांगितलं. एक गोष्ट सोडून. हेडफोनबाईने विचारलंसुद्धा होतं, "पण त्या दिवशी ते उठले का नाहीत?" आणि मी म्हटलं, "झोप हो. तरुण वय." ती हसली आणि वहीत काहीतरी टिपलं. खरं असं की ते उठले होते. पांघरूण बाजूला केलं होतं, एक पाय जमिनीवर टेकवला होता. थंडी इतकी की खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळत होतं. त्यांच्या अंगाला सदा डांबराचा वास यायचा, आणि मला तो सहा महिन्यांत, कुणाला सांगायची सोय नाही, पण आवडायला लागला होता. मी त्यांचा सदरा मागून धरला आणि म्हटलं, "नका ना जाऊ. कालच्याएवढंच असेल पाणी." बाकी अख्खा डिसेंबर मी विसरले आहे. त्या दिवशी जेवायला काय केलं, कुणाशी काय बोलले, काही आठवत नाही. ते पाच-सहा शब्द मात्र जसेच्या तसे आहेत आणि त्यानंतर त्यांचा तो थंडगार पाय माझ्या पायाला लागला तेही. सुख म्हणून जे काही असतं ते मला बहुतेक तेव्हाच झालं असावं, कारण अर्ध्या तासाने धडाम् आवाज आला. मग खडूने पांढरी झालेली बाही मीच धुतली. दोनदा धुतली.

गुरुवारी दुपारी चार वाजता वन्संचा फोन आला. रोज चारला येतो. सासर, माहेर, धक्का, सगळी माणसं गेली आणि आता मला 'वहिनी' म्हणून हाक मारणारं जगात एकच माणूस उरलं आहे. ते चार वाजता बोलतं आणि साडेचारला दमतं. मागे एकदा कुकरच्या शिटीवरून आमचं बिनसलं होतं तर वन्सं चार वर्षं बोलल्या नव्हत्या. तेव्हा चार वर्षं खर्चायला होती. आता त्या एकोणऐंशीच्या आणि मी एक्क्याऐंशीची. आता नुसती कुकरची शिटी आम्हाला जन्माची पुरेल.

"वहिनी, रविवारी येतेय गं मी धक्क्यावर. लेक गाडीतून आणणार आहे. ते बोलके खांब ऐकायचेत मला."

"ऊन असतं हो, वन्सं."

"सकाळी नऊला कसलं ऊन?"

"वारा फार."

"ऊन आहे की वारा आहे?"

"दोन्ही."

"एकात तुझा आवाज आहे म्हणे. कोणता नंबर?"

"आठ," मी म्हणाले. का म्हणाले ते देव जाणे. घाबरलेला माणूस फार लांबचं खोटं बोलू शकत नाही.

शुक्रवारी नगरपालिकेत गेले. वारसा विभाग तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट वारसा झालेली. हेडफोनबाई मला बघून खुर्चीवरून उडालीच. "आजी! अहो, तुम्ही हिट आहात! सात नंबर सगळ्यात जास्त दाबला जातो. आठला पुलाच्या दगडांची माहिती आहे, तिकडे काळं कुत्रं फिरकत नाही."

"मला तो आवाज काढून टाकायचाय."

"का? काही चुकलंय का त्यात?"

"नाही, चुकलेलं काही नाही," मी म्हणाले, आणि तिथेच माझी बाजू लंगडी पडली.

"कारण चुकलं असेल तर त्याचा अर्ज आहे, तीन नंबरचा. बरोबर असेल तर..." तिने खण उघडून पाहिला, बंद केला. "बरोबर असेल तर अर्जच नाही."

"मग चुकलंय असं लिहा."

"काय चुकलंय लिहू?"

मी खूप विचार केला. हे पांघरुणात नव्हतेच असं सांगावं? कप्तानांचे डोळे खरोखर अधू होते असं सांगावं? दोन्ही माणसं आता नाहीत. त्यांच्याबद्दल काहीही सांगता येतं, आणि म्हणूनच तोंड उघडेना. "थंडी," मी शेवटी म्हटलं. "थंडीबद्दल त्यात नीट आलेलं नाही."

तिने मान डोलावत लिहून घेतलं.

शनिवारी मी घरातली चिकटपट्टी घेऊन गेले, खांबाच्या बटणावर आडव्याउभ्या चार पट्ट्या मारल्या आणि पुठ्ठ्यावर 'बंद आहे' असं लिहून लटकवलं. आयुष्यात पहिल्यांदा सार्वजनिक मालमत्तेची नासधूस केली आणि सांगायला लाज वाटते, पण गुडघे दुखायचे थांबले. आमच्या गल्लीतला दिवा चार वर्षं बंद आहे. पाच अर्ज झाले. ह्या खांबापाशी पाऊण तासात नगरपालिकेची गाडी आली. दोघं उतरले, पट्ट्या काढल्या, बटण पुसलं, दाबून पाहिलं, दोघांनी पूर्ण गोष्ट ऐकली, हसले आणि गेले. पुठ्ठा माझ्याच बाकाशेजारच्या डब्यात टाकला.

रविवार उजाडला. वन्संच्या लेकीने त्यांना बारा नंबरच्या खांबाशी उतरवलं आणि ती गाडी लावायला जागा शोधायला गेली. ह्या शहरात त्याला तास लागतो. वन्सं काठी टेकत एकेक खांब ऐकायला लागल्या. वर्तमानपत्रही त्या पहिल्या पानाच्या तारखेपासून वाचतात, त्यामुळे काही गाळायचा प्रश्नच नव्हता. बारा झाला, अकरा झाला. नऊला त्यांना रडू आलं, कारण त्यात होडीच्या भोंग्याचा आवाज होता. आठला त्या सावरून उभ्या राहिल्या, पदर नीट केला, माझ्याकडे कौतुकाने पाहिलं आणि बटण दाबलं. एक जाडा पुरुषी आवाज पुलाच्या दगडांबद्दल बोलायला लागला. वन्सं शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

"सर्दी झाली होती का गं तुला?" त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं. "चला आता, कॉफी घेऊ."

"हा राहिला की."

"तो बिघडलाय."

"तुला काय ठाऊक?"

"काल दुरुस्तीची माणसं आली होती." ह्यात एक शब्द खोटा नव्हता. मी चार पावलं पुढे जाऊन सात नंबरच्या खांबाला पाठ टेकून उभी राहिले, दमल्यासारखी. वाटलं, म्हाताऱ्या माणसाला कोणी बाजूला हो म्हणत नाही. वन्सं काही म्हणाल्याही नाहीत. पण पाठीमागे काहीतरी आत गेल्यासारखं झालं, टक् असा आवाज आला आणि माझ्या दोन खांद्यांच्या मधून माझा आवाज सुरू झाला.

चार मिनिटं फार मोठी असतात. मी बाजूला झाले नाही. होऊन उपयोग नव्हता. वन्संच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. बेडपॅनपाशी त्यांच्या ओठांचा कोपरा हलला, मुख्याध्यापकांच्या फळांपाशी त्या हसल्यासुद्धा. मग पाटी पुसली गेली. मग चष्मा आला. माझ्या पाठीतली बाई आनंदाने सांगत होती, कोण ऐकतंय त्याचं तिला सोयरसुतक नव्हतं. "तर अशी सगळी गंमत," ती म्हणाली. बासरी वाजली.

"दादा असं करणार नाही," वन्सं म्हणाल्या.

तेवढ्यात मला वाट दिसली. म्हणायचं, अहो, लोकांना हसवायला रचून सांगितलं. त्यांनी ते लगेच मानलं असतं. त्यांना ते मानायचं होतं. दुपारी चारला फोन आला असता, सोमवारी आला असता. वाक्य जिभेवर तयार होतं.

"बाकी काही असेल," वन्सं म्हणाल्या, "पण माझा भाऊ आळशी नव्हता. तू त्याला आळशी केलंस लोकांत."

"नव्हतेच आळशी," मी म्हटलं. "उठले होते ते. मीच म्हटलं, जाऊ नका, कालच्याएवढंच असेल पाणी."

"कधी?"

"त्या दिवशी. साडेपाचला."

"थंडी होती?"

"होती."

वन्संनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "आणि पाटी?"

"ती त्यांनी पुसली. बाही मी धुतली."

त्या बाकावर बसल्या. मी उभीच राहिले. बस म्हणाल्या नाहीत. पाण्यावरून एक रंगीत सहलीची बोट गेली, तिच्यातल्या कुणीतरी आम्हाला हात केला आणि सवयीने मीही हात हलवून बसले.

"म्हणजे ह्यांचे डोळे चांगले होते," वन्सं म्हणाल्या.

"हो."

"बावन्न वर्षं मी त्यांना चष्म्याशिवाय जिना उतरू दिला नाही. ते म्हणायचे, अगं, ह्याच्यातून मला दोन दोन जिने दिसतात. मी म्हणायचे, मग एकाला तरी धरून उतरा."

मी पिशवीत हात घालून रुमाल शोधायला लागले.

"जातानासुद्धा घातला होता नाकावर. मीच घातला. म्हटलं, वर गेल्यावर ठेच लागायला नको."

आणि मला हसू आलं. कसं आलं, कुठून आलं. दुःखाच्या वेळी येतं तसलं, दातांनी अडवलं तर नाकातून बाहेर पडणारं. मी तोंडावर रुमाल धरला.

"हसू नकोस."

"नाही."

"हसलीस तर याद राख." त्यांचे खांदे हलत होते. रडत होत्या की काय ते मला कळलं नाही आणि विचारायची हिंमत नव्हती. लेक तीन कॉफी घेऊन आली तेव्हा वन्सं उठल्या, "घरी चल," एवढंच तिला म्हणाल्या आणि माझ्याकडे न बघता निघून गेल्या. मी दोन कॉफी प्यायले. तिसरी टाकवेना, तीही प्यायले.

सोमवारी चार वाजता फोन आला नाही. मंगळवारी पावणेचारला मी फोनचा आवाज मोठा करून ठेवला. बुधवारी सूनबाईला खालून माझ्या नंबरावर फोन करायला लावला, चालू आहे ना बघायला. चालू होता. मला एक विचित्र सवय जडली; चार वाजता मी स्वतःशीच 'हं, बोला वन्सं' म्हणायची आणि मग माझाच आवाज मला खांबातल्या बाईसारखा वाटायचा. इतकी वर्षं मी समजत होते की गुपित राखणं म्हणजे काहीतरी जपून ठेवणं. मी काय जपलं होतं? एका माणसाला दोन जिने दिसत होते आणि मी शेजारी उभी राहून त्याच्या हातात चहाचा कप देत होते.

शनिवारी फोन वाजला. भाची होती. "मामी, आईने निरोप दिलाय. उद्या नऊला सात नंबरला या म्हणाली."

"अजून काय म्हणाली?"

"अजून काही नाही. पण ती दिवसभर हॉलमध्ये काठी घेऊन येरझाऱ्या घालतेय."

मी साडेआठलाच जाऊन उभी राहिले. वन्सं आल्या त्या थेट खांबासमोरच्या बाकावर बसल्या, मधोमध; शेजारी काठी आडवी ठेवली, म्हणजे दुसऱ्या कुणाला जागा नाही.

"त्या डब्याला तू अर्धंच सांगितलंस," त्या म्हणाल्या. "उरलेलं कोण सांगणार?"

"मी अर्ज केलाय. थंडीचा."

"अर्ज गेला खड्ड्यात. तू सांगायचं. इथे उभं राहून. जो कोणी बटण दाबेल त्याला. ह्यांचे डोळे शाबूत होते, हे मोठ्यांदा. ते पाणीबिणी काय वाक्य होतं तुझं, तेही. मी इथे बसून ऐकणार."

"किती दिवस?"

"बावन्न वर्षं," वन्सं म्हणाल्या आणि पर्समधून डबा काढून एक बिस्कीट खाल्लं. मला दिलं नाही.

तेवढ्यात एक जोडपं आलं, गळ्यात कॅमेरा, हातात नकाशा. नवऱ्याने बटण दाबलं. मी खांबाशेजारी चौकीदारासारखी ताठ उभी राहिले. आतली बाई सुरू झाली, पांघरूण आलं, कमान आली, बेडपॅन वाहत गेले, ती दोघं हसली. पाटी पुसली गेली, चष्मा आला. चार मिनिटं झाली, बासरी वाजली. माणसं निघायला वळली. अनोळखी माणसांपुढे मधूनच काय सुरुवात करायची, कुणाचा हात धरून थांबवायचं, मला काही सुचेना.

"वहिनी," मागून बाकावरून आवाज आला, "पुढचं."